रिंकोनेते इ कोर्तादियो

रिंकोनेते इ कोर्तादियो : दोन किशोरवयीन भामट्यांवरील प्रसिद्ध स्पॅनिश दीर्घकथा. मीगेल दे सेर्व्हांतेस (१५४७–१६१६) ह्याच्या, ‘आदर्श कथा’ ह्या अर्थाच्या नावाने १६१३ मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झालेल्या बारा कथांच्या संग्रहात ती अंतर्भूत आहे. तथापि तिचे लेखन त्यापूर्वीचे असले पाहिजे. कारण त्याच्या दोन किखोते (डॉन क्विक्झोट) ह्या कादंबरीच्या १६०५ मधील पहिल्या भागातच तिच्या हस्तलिखिताचा उल्लेख येतो.

रिंकोन हा पत्त्यांत लबाडी करणारा, तर शिंप्याचा मुलगा कोर्तादो हा खिसेकापू. रस्त्यावरील एका खाणावळीत त्यांची गाठ पडते व ते सेव्हिल शहरी येतात. तेथे हमाली करीत असताना कोर्तादो एका इसमाची पैशांची थैली लांबवितो. परंतु ह्या शहरात चोरीलाही परवाना लागतो, असे त्यांना कळते. मोनिपोदियो हा चोरांच्या संघाचा प्रमुख त्यांना संघात घेतो व त्यांच्या नावांना लाडिक प्रत्यय जोडून त्यांचे नव्याने नामकरण करतो.

संघाचे नियम, उमेदवारीचा काळ, लुटीची वाटणी, धर्मकार्यासाठी काढून ठेवावयाचा हिस्सा हे सारे रीतसर आहे. पैसे घेऊन करावयाच्या मारहाणींची नोंदवहीही ठेवलेली असते; मोनिपोदियोला वाचता येत नसल्यामुळे ती रिंकोनेतेला वाचावी लागते. कारिआर्ता ही वेश्या आपल्याला मारणाऱ्या प्रियकराविरुद्ध येथेच दाद मागते आणि अखेर त्याच्याशी समेट करते. संघाला सांभाळून घेणारा एक पोलीस अधिकारी चोरलेली थैली मागतो, तेव्हा ती निमूटपणे परत केली जाते. त्याबद्दल कोर्तादियोला ‘सज्जन’ ही पदवी मिळते.

सेव्हिल हे तत्कालीन स्पेनच्या अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराचे केंद्र होते. सेर्व्हांतेसने ह्या शहरी वास्तव्य केले होते व १५९७ मध्ये तेथील तुरुंगवासही भोगला होता. अधोजगताचे त्याचे चित्रण, विशेषतः तेथील बोली व तिच्यातील शब्दांची हास्यास्पद ओढाताण, जिवंत उतरली आहे.

भटक्या, लबाड नायकांच्या ‘पिकरेस्क’ कथनपरंपरेशी ह्या कथेचे नाते उघड आहे. मात्र त्या परंपरेत रूढ असलेले आत्मनिवेदन येथे नाही. कथानकही बेताचेच आहे. मोनिपोदियोच्या अंगणात एका दिवसात जे घडते, तेच तिचे सार होय. गुन्हेगारी ही समाजव्यवस्थेच्या विरुद्ध उभी नसून तिचीच प्रतिकृती आहे, हा विदारक उपरोध त्यातून प्रकटतो. मेणबत्त्या लावून, जप करून आपण स्वर्गास जाऊ, अशी ह्या चोरांची श्रद्धा आहे. रिंकोनेतेला ह्याचेच नवल वाटते. शहरातील ढिली न्यायव्यवस्था पाहून तेथून निघून जाण्याचा सल्ला मित्राला द्यावा, असे तो ठरवितो. तरीही वय व अननुभव ह्यांमुळे तो आणखी काही महिने तेथेच राहतो. लेखक कोणालाही शिक्षा करीत नाही. ‘आदर्श’ कथेतील बोध काढण्याचे काम तो वाचकावरच सोपवितो.