मुलांची पहिली गोधडी

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा सुई द्यायची तर ती बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची असावी. कापड गोणपाटासारखे विरळ विणीचे. त्यावर धावदोरा जमला की धुऊन मऊ झालेले सुती लुगडे किंवा धोतर घ्यावे. आपली गोधडी अशाच जुन्या कापडाची होते, आणि त्यातून सुई सहज जाते. नवे कडक कापड किंवा निसरडी सिंथेटिक साडी मुलांना देऊच नये.

11 सेंमीचे चार चौकोन कापा. कडेपासून 1 सेंमी आत पेन्सिलीने रेघ ओढून द्या. तिच्यावरूनच टाके घालायचे. सुलट बाजू आत ठेवून दोन-दोन चौकोन जोडायचे, मग दोन्ही पट्ट्या शिवणीला शिवण भिडवून शिवायच्या. 20 सेंमीचा मोठा चौकोन तयार होतो. दोरा मुलाच्या हाताएवढाच घ्या. लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि मूल तिथेच कंटाळते. तो दुहेरी ओवून दोन्ही टोकांना मिळून गाठ मारली की सुई निसटत नाही.

टाके वाकडे येतील, येऊ द्यावेत. मोठ्यांनी ते गुपचूप उसवून सरळ करणे मला अगदी नापसंत आहे. मुलाला ते लगेच कळते. गाठी तेवढ्या पक्क्या आहेत ना, पाहा. आणि उठण्याआधी सुया मोजून डबीत ठेवा.