फोन घरी राहिला तर घड्याळ काय करणार? सेल्युलर की ब्लूटूथ स्मार्टवॉच, पैसे मोजण्याआधी हे वाचा

स्मार्टवॉच घ्यायला निघालात की एक कोडे हमखास समोर येते. मॉडेल तेच, डायल तोच, पट्टाही तोच; पण किमती दोन. सॅमसंगचे गॅलॅक्सी वॉच ७ भारतात २०२४ मध्ये आले, तेव्हा ४० मिमीच्या ब्लूटूथ आवृत्तीची किंमत २९,९९९ रुपये होती आणि एलटीई आवृत्तीची ३३,९९९. त्याच वर्षीच्या अॅपल वॉच सिरीज १० मध्ये हा फरक थेट दहा हजारांच्या घरात गेला. विक्रेता म्हणतो, ‘सर, हे वरचे व्हर्जन आहे.’ सेलचा काउंटडाऊन सुरू असतो आणि आपण ‘घेतोयच तर चांगले घेऊ’ म्हणून कार्ड पुढे करतो.

खरे तर यात वरचे-खालचे काही नाही. हृदयाचे ठोके, पावले, झोप मोजण्याचे सेन्सर दोन्हींत सारखेच असतात. फरक एवढाच की एका घड्याळाला मोबाइल टॉवरशी स्वतः बोलता येते आणि दुसऱ्याला त्यासाठी तुमचा फोन लागतो. त्यामुळे ठरवायचे आहे ते घड्याळाबद्दल नाही, तुमच्या दिवसाबद्दल: फोन जवळ नसताना तुमचा किती वेळ जातो?

‘कॉलिंग’ लिहिले आहे, म्हणजे सिम आहे?

नाही. सर्वाधिक गल्लत इथेच होते. दीड-दोन हजारांच्या घड्याळाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ब्लूटूथ कॉलिंग’ लिहिलेले असते. यात घड्याळ म्हणजे फक्त मनगटावरचा माइक आणि स्पीकर. कॉल फोनवरच येतो, सिमही फोनमध्येच असते. आवाज तेवढा घड्याळातून ऐकू येतो. खिशातल्या किंवा पर्समधल्या फोनसाठी ही सोय उत्तम आहे. पण फोन तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणि तुम्ही खाली पार्किंगमध्ये असाल, तर घड्याळावर वेळ तेवढी दिसेल. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर धरतात, आणि मध्ये सिमेंटच्या भिंती आल्या की तोही आक्रसतो.

सेल्युलर घड्याळात ई-सिम असते. हे कार्ड नव्हे, तर आतच बसवलेली चिप असते आणि मोबाइल कंपनी तिच्यावर तुमच्या कनेक्शनची माहिती उतरवते. नेहमीच्या पद्धतीत घड्याळाला फोनचाच नंबर मिळतो. कोणी कॉल केला की नेटवर्क दोन्हीकडे रिंग देते, तुम्ही कुठूनही उचला. भारतात ही सोय २०१८ मध्ये अॅपल वॉच सिरीज ३ च्या निमित्ताने जिओ आणि एअरटेल यांनी सुरू केली. नंबर सामाईक असल्याने फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या नेटवर्कवर असावे लागते. फोनमध्ये दोन सिम असतील तर घड्याळाला कोणता नंबर द्यायचा, हे आधी ठरवा. आणि पुढे नंबर पोर्ट केलात, तर घड्याळाची जोडणी नव्याने करावी लागेल.

तिसरा प्रकारही बाजारात आहे: ज्यात खरेखुरे नॅनो सिम बसते अशी घड्याळे. लहान मुलांसाठीची अनेक ४जी घड्याळे याच जातीची. त्यांना स्वतंत्र नंबर लागतो, म्हणजे स्वतंत्र रिचार्जही आलाच.

जीपीएस मात्र दोन्हींत

अॅपल आपल्या दोन आवृत्त्यांना ‘जीपीएस’ आणि ‘जीपीएस + सेल्युलर’ म्हणते. ही नावे वाचून अनेकांना वाटते की धावण्याचा मार्ग नीट नोंदवायचा तर महागडे घड्याळच हवे. तसे नाही. उपग्रहांकडून येणारा सिग्नल फुकट आहे, त्याला सिम लागत नाही. फोन घरी ठेवून तळजाईला किंवा मरीन ड्राइव्हवर धावायला गेलात, तरी साधे जीपीएस घड्याळ अंतर, वेग आणि मार्ग सगळे नोंदवेल. गाणी आधी घड्याळात उतरवून ठेवली असतील तर ब्लूटूथ इअरफोनवर तीही ऐकता येतील. फक्त व्यायामासाठी घड्याळ घेत असाल, तर जास्तीचे पैसे तिथेच वाचले.

घरच्या वाय-फायचेही तसेच. ब्लूटूथ आवृत्तीच्या अॅपल वॉच किंवा गॅलॅक्सी वॉचमध्ये वाय-फाय असतेच. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला आणि तुम्ही गच्चीवर असाल, तरी घड्याळ घरच्या वाय-फायवर असेपर्यंत नोटिफिकेशन येत राहतात. अट एवढीच की फोन सुरू आणि इंटरनेटला जोडलेला हवा. हॉटेल किंवा विमानतळावरच्या, लॉगिन पान उघडणाऱ्या वाय-फायवर मात्र अॅपल वॉच चालत नाही.

यूपीआयची मेख

सेल्युलर घड्याळांच्या जाहिरातीतला माणूस फोन घरी ठेवून मोकळ्या हातांनी बाहेर पडतो. आपल्याकडे तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंतच पोहोचेल. पुढे क्यूआर कोड स्कॅन करायला कॅमेरा लागतो आणि या दोन्ही कंपन्यांच्या घड्याळांना तो नाही. दूध, भाजी, रिक्षा, मेट्रोचे तिकीट असे सगळे ज्या देशात फोनवर आले आहे, तिथे फोन मागे ठेवून निघण्याचे प्रसंग मोजकेच उरतात. जाहिरात आणि आपले वास्तव यांतले हे अंतर खरेदीआधी लक्षात घ्यायला हवे.

दुसरी मेख मेसेजची. अॅपल वॉचच्या सेल्युलर आवृत्तीतही साधे एसएमएस आणि इतर अॅपची नोटिफिकेशन मिळण्यासाठी तुमचा आयफोन कुठेतरी सुरू आणि नेटवर्कमध्ये असावा लागतो. तो जवळ नसला तरी चालतो, पण बंद पडलेला चालत नाही. म्हणजे फोनची बॅटरी संपली, तर घड्याळावरून कॉल लागेल, पण बँकेचा ओटीपी घड्याळावर येईल असे गृहीत धरू नका. गुगलच्या वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळांसाठी व्हॉट्सअॅपने २०२३ मध्ये स्वतंत्र अॅप आणले. एलटीई आवृत्तीत ते फोनशिवायही चालते.

बॅटरीचा हिशेब

‘सेल्युलर घेतले की बॅटरी लगेच संपते’ हे अर्धसत्य आहे. फोन जवळ असताना सेल्युलर घड्याळही ब्लूटूथच वापरते. ब्लूटूथ नसेल तर ओळखीचे वाय-फाय शोधते आणि तेही नसेल तरच मोबाइल नेटवर्ककडे वळते. त्यामुळे दिवसभर फोन खिशात असणाऱ्याला दोन्ही आवृत्त्यांच्या बॅटरीत फारसा फरक जाणवणार नाही.

फोन दूर गेला की चित्र बदलते. फोन-घड्याळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्लूटूथच्या वर्गाची प्रक्षेपण क्षमता जास्तीत जास्त अडीच मिलिवॅट असते. एलटीई उपकरण टॉवर लांब असेल तेव्हा २०० मिलिवॅटपर्यंत जोर लावते. एवढी ऊर्जा फोनच्या बॅटरीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या बॅटरीतून यायची. अॅपलने सिरीज ६ साठी दिलेला १८ तासांचा आकडाच पाहा: सेल्युलर आवृत्तीसाठी त्यात एलटीई फक्त चार तास धरले होते, उरलेले १४ तास घड्याळ ब्लूटूथने आयफोनला जोडलेले होते. सलग कॉलवर तर ही बॅटरी तास-दीड तासाची सोबती.

नेटवर्क जितके कमजोर, तितकी बॅटरी वेगाने उतरते. घड्याळाचा अँटेना इवलासा आणि तोही मनगटाला चिकटलेला. त्यामुळे फोनला जिथे बरे नेटवर्क मिळते, तिथे घड्याळ चाचपडू शकते. ट्रेकला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अॅपल वॉचचे रेडिओ २जी पकडत नाहीत. जिओकडे २जी-३जी कधी नव्हतेच आणि एअरटेलने ३जी २०२० मध्ये बंद केले. सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीत फोनवर २जीचे जेमतेम नेटवर्क येऊन आवाज पोहोचतो, तिथे घड्याळ मुके राहील. गडावर जाताना ‘घड्याळ आहे ना’ म्हणून फोन गाडीत ठेवू नका.

२०२५ च्या अॅपल वॉच सिरीज ११ मध्ये ५जी आले आहे. ते कमी ऊर्जा खाणारे, छाटलेले ५जी आहे. कॉल आणि मेसेजसाठी ४जी पुरेसे असल्याने निव्वळ त्यासाठी जुने घड्याळ बदलण्यात अर्थ नाही.

आई-बाबांसाठी घेताय?

इथे मात्र माझे मत स्पष्टपणे सेल्युलरच्या बाजूने आहे.

मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, आणि सत्तरीतले आई-बाबा गावाकडे किंवा जुन्या फ्लॅटमध्ये, हे चित्र आता घरोघरी आहे. त्यांना घड्याळ भेट देताना मुलांच्या मनात एकच गोष्ट असते: कुठे पडले-धडपडले तर कळायला हवे. अॅपल वॉचमध्ये सिरीज ४ पासून पडल्याचे ओळखण्याची सोय आहे. जोरात आपटल्याचे जाणवले की घड्याळ विचारते. माणूस मिनिटभर हललाच नाही तर आपत्कालीन सेवेला आपणहून कॉल लावते आणि ठरवून दिलेल्या नातेवाइकांना ठिकाण कळवते. वय ५५ किंवा अधिक नोंदवले असेल तर ही सोय आपोआप सुरू होते. गॅलॅक्सी वॉचमध्येही अशी सोय आहे.

पण पडल्याचे ओळखणे हे सेन्सरचे काम, आणि कळवणे हे नेटवर्कचे. ब्लूटूथ घड्याळ पडणे अचूक ओळखेल, पण बाबा सकाळी फोन देवघरापाशी ठेवून फिरायला गेले असतील, तर ते कोणाला कळवणार? ज्येष्ठांच्या बाबतीत फोन घरी राहणे हा अपवाद नसून सवय असते. ‘कशाला ते ओझे?’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. ज्या प्रसंगासाठी एवढा खर्च केला, नेमक्या त्याच प्रसंगी चार हजार वाचवलेले घड्याळ गप्प बसू शकते. घरात वाय-फाय असले तरी त्यावरून कॉल लागण्यासाठी मोबाइल कंपनीची वाय-फाय कॉलिंग सेवा सुरू हवी. फाटकाबाहेर तीही नाही.

आई-बाबांकडे आयफोन नसेल तरी अॅपल वॉच देता येते. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या आयफोनवरून ते सुरू करायचे, पण त्यासाठी सेल्युलर आवृत्तीच हवी. अशा जोडणीत ईसीजीसारख्या काही सोयी मिळत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. मुलांसाठी घड्याळ घेणाऱ्यांनाही हीच वाट. त्यांच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर गॅलॅक्सी वॉचची एलटीई आवृत्ती बघा. अॅपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही आणि गॅलॅक्सी वॉच ४ पासूनची घड्याळे आयफोनला.

पैशांचे गणित

घड्याळ तीन वर्षे वापराल आणि सेवेसाठी महिन्याला शंभर रुपये लागतील असे समजा. तीन वर्षांचे ३,६०० झाले. त्यात किमतीतला फरक मिळवा: गॅलॅक्सी वॉच ७ साठी एकूण ७,६०० रुपये, सिरीज १० साठी १३,६००. आता वापर मोजा. महिन्यातून एकदाच फोनशिवाय बाहेर पडत असाल, तर तीन वर्षांत ३६ वेळा. म्हणजे सिरीज १० वर प्रत्येक वेळेचे जवळपास ३७८ रुपये. आठवड्याला तीन तास धावणाऱ्यासाठी हाच खर्च तासाला २९ रुपयांवर येतो. आकडे तुमच्या प्लॅनप्रमाणे बदलून बघा.

हा निर्णय नंतर फिरवता येत नाही. मोडेम आणि अँटेना कारखान्यातच बसतात; ब्लूटूथ घड्याळात ई-सिम पुढे कोणत्याही अपडेटने येणार नाही. उलट सेल्युलर घड्याळ प्लॅन न घेताही ब्लूटूथवर नीट चालते, हवे तेव्हा सेवा सुरू करता येते. स्टीलचे किंवा टायटॅनियमचे अॅपल वॉच आवडले असेल तर प्रश्नच मिटतो, कारण ते सेल्युलरमध्येच मिळते.

घेण्याआधी मोबाइल कंपनीला तीन गोष्टी विचारा: माझ्या प्लॅनवर, म्हणजे प्रीपेड की पोस्टपेड जे असेल त्यावर, ही सेवा मिळते का; महिन्याचे शुल्क करासकट किती; आणि हेच मॉडेल तुमच्या यादीत आहे का. शेवटचा प्रश्न अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाकडून घड्याळ मागवणाऱ्यांनी विसरू नये. देशोदेशी एलटीईचे बँड वेगळे असतात आणि तिकडच्या मॉडेलला इथले नेटवर्क नीट मिळेलच असे नाही. मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर भारताच्या यादीत तपासा, मगच त्याला डॉलर खर्च करायला सांगा.

घड्याळ आई-बाबांच्या हातावर बांधल्यावर त्यांचा फोन बंद करा, त्यांना घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जा आणि तिथून घड्याळावरून तुम्हाला कॉल लावायला सांगा. कॉल लागला तर जोडणी बरोबर आहे. चार्जिंगची वेळही तेव्हाच ठरवून टाका: रात्रीऐवजी संध्याकाळी, टीव्हीवर मालिका सुरू असताना. रात्री अंधारात बाथरूमला उठताना घड्याळ चार्जरवर नाही, हातावर हवे.