चोरीचा आरोप आणि चोरीची शिक्षा

पेठेंतील एखाद्या दुकानांतून जिन्नस नाहींसा झाला, कीं संशय कोणावर जावयाचा हें बहुधा आधींच ठरलेलें असतें: दुकानांतील पोऱ्या, घरांतील मोलकरीण, किंवा त्या सुमारास दाराशीं आलेला कोणी फिरस्ता. मग त्यास कोठींत कोंडावें, चार चपराका द्याव्या आणि ‘मीं घेतलें’ असें त्याच्या तोंडून वदवावें, यांत कित्येक सभ्य गृहस्थांस कांहींच वावगें वाटत नाहीं. ज्या न्यायाच्या नांवानें हें चालतें, त्याचा कायदा काय म्हणतो हें आमच्या व्यापारी बंधूंनीं एकदां नीट समजून घ्यावें.

१८६० सालच्या भारतीय दंडविधानाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे; तथापि चोरीची व्याख्या मुख्यतः पूर्वीचीच आहे. वस्तु जंगम असली पाहिजे. ती दुसऱ्याच्या ताब्यांत असली पाहिजे. त्याच्या संमतीवांचून ती हलविली गेली पाहिजे. आणि हलविणाराच्या मनांत लबाडी असली पाहिजे. यांपैकीं एकही अंग लंगडें पडलें तर चोरी सिद्ध होत नाहीं. सभेहून परततांना चुकून दुसऱ्याची छत्री उचलणारा चोर नव्हे. उलट, आपलेंच घड्याळ गहाण ठेवून, कर्ज न फेडतां तें सावकाराच्या पेटींतून गुपचूप नेणारा चोर ठरूं शकतो. कारण कायदा येथें मालकीपेक्षां ताब्याकडे पाहतो. विश्वासानें सोंपविलेली रक्कम मुनिमानें गिळली, तर तो गुन्हा चोरीचा नसून विश्वासघाताचा होय, व त्याची कलमें निराळीं आहेत.

आतां शिक्षा पाहूं. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक व कमाल पांच वर्षें सक्तमजुरी, शिवाय दंड. राहत्या घरांतील, मालाच्या कोठारांतील किंवा देवळांतील चोरीस, तसेंच नोकरानें धन्याच्या मालाची केलेल्या चोरीस, सात वर्षांपर्यंत कैद व दंड. परंतु साध्या चोरींतील माल ५,००० रुपयांहून कमी किंमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल अथवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवेचें विनामोबदला काम सांगावें, अशी तरतूद नव्या संहितेंत आहे. पहिल्या चुकीनें मनुष्य तुरुंगांत जाऊन पक्का गुन्हेगार होऊं नये, हा या तरतुदीचा रोख आम्हांस स्तुत्य वाटतो.

आतां या नाण्याची दुसरी बाजू. कबुली वदविण्यासाठीं किंवा माल परत मिळविण्यासाठीं एखाद्यास मारून दुखापत करणें, यासही सात वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. म्हणजे चोरी करणारा नोकर आणि त्याला बडवून कबूल करविणारा धनी, यांस कायद्यानें एकाच मापानें मोजलें आहे! त्याच हेतूनें कोंडून ठेवणें हाही स्वतंत्र गुन्हा आहे. आधार नाहीं हें ठाऊक असतां नुकसान करण्याच्या बुद्धीनें खोटा आरोप घालणारासही कैदेचें भय आहे. पोलीस अंमलदारापुढें दिलेली कबुलीसुद्धां आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सामान्यतः चालत नाहीं. मग दुकानाच्या कोठींत वदविलेल्या कबुलीची किंमत ती काय?

संशय जात पाहून घ्यावयाचा, हा रोग आमच्याकडे जुना आहे. १८७१ सालीं सरकारनें कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. १९११ च्या कायद्यानें तें जाळें मुंबई इलाख्यापर्यंत पसरलें, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. परंतु कागदावरून पुसलेला शिक्का मनांवरून पुसला गेला आहे काय? पारध्याचें पोर बाजारांत दिसतांच गल्ल्यावर हात ठेवणाऱ्यांनीं याचें उत्तर आपल्याच मनास विचारावें.

माल गेला असतां स्वस्थ बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. गेलेल्या जिनसांची यादी करावी, पावत्या काढून ठेवाव्या, आणि कोणत्याही पोलीस ठाण्यांत फिर्याद नोंदवून तिची नक्कल मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. आरोपीस अटक झाल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करणें पोलिसांवर बंधनकारक आहे. पुढील निवाडा न्यायासनाचा. माल गेल्यास तो पुन्हा मिळवितां येतो. निरपराध्याची गेलेली अब्रू मात्र कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं, हें प्रत्येक दुकानदारानें तराजू हातीं घेतांना स्मरणांत ठेवावें.