आधी काडी, मग गॅस!

“ताई, काडीपेटीच सापडंना बघा. सापडली, काडी ओढली अन् भक्कन झालं!” आमच्या उमरीतल्या बचत गटाच्या एक मावशी हाताची पट्टी दाखवत सांगत होत्या. पहाटे चहा ठेवायला उठल्या, शेगडीचं बटण फिरवलं आणि मग अंधारात काडीपेटी शोधत बसल्या. तेवढ्यात गॅस साचला. भुवया आणि हातावर निभावलं, हे नशीब!

हात बरा झाला. पण मावशींनी गॅसचा धसकाच घेतला. “नको बाई ती टाकी, आपली चूलच बरी,” म्हणत पुन्हा धुरात बसू लागल्या. खोकला मात्र थांबेना. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि कितीतरी बायकांच्या नावावर गॅसची जोडणी मिळाली. ती अशी कोपऱ्यात पडून राहावी? मला राहवेना. एका दुपारी त्यांच्या घरी गेले.

मैत्रिणींनो, चूक मावशींची नव्हती, चुलीच्या सवयीची होती. चुलीत आधी सरपण रचायचं, मग काडी लावायची. गॅसचं उलटं! आधी काडी पेटवून किंवा लायटर बर्नरजवळ धरायचा, मगच बटण फिरवायचं. पेटलं नाही तर बटण बंद करून खिडकी-दार उघडायचं, वास गेल्यावरच पुन्हा प्रयत्न करायचा.

दुसरी सवय बसून स्वयंपाकाची. शेगडी जमिनीवर आणि शेजारी सिलिंडर! हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की खालीच साचतो. म्हणून सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच हवी. ओटा नसेल तर भक्कम टेबल चालेल. मावशींच्या मुलानं त्याच संध्याकाळी फरशीचा तुकडा बसवून दिला.

आता आचेचं. बटण दाबून फिरवलं की आधी मोठी आच लागते, आणखी फिरवलं की बारीक. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, भांडी काळी होऊ लागली, तर बर्नरमध्ये कचरा आहे असं समजा. उतू गेलेल्या दुधानं छिद्रं बुजतात. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढून धुवा, पिनेनं छिद्रं मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. तरीही पिवळीच राहिली तर मेकॅनिकला दाखवा.

रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि ५ वर्षांनी बदला. चिरली असेल तर त्याआधीच. गळतीची शंका आली तर सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी लावून कधीच बघू नका! आणि रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. तो आला की दिव्याचं, पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. एवढ्याशा ठिणगीनंही भडका उडतो. रेग्युलेटर बंद करा, चूल आणि देवापुढचा दिवा विझवा, दारं-खिडक्या उघडा, मुलाबाळांना घेऊन बाहेर पडा. मग बाहेरूनच १९०६ या नंबरला फोन लावा. तो चोवीस तास चालतो.

त्या दुपारी मी मावशींच्या हातात काडीपेटी दिली. हात थरथरत होता. काडी पेटली, बटण फिरलं, निळी ज्योत लागली. “एवढंच व्हय?” म्हणून त्या हसल्या. चहा त्यांनीच केला. आता चुलीवर फक्त अंघोळीचं पाणी तापतं, तेही अंगणात!

तुमच्या शेजारीही अशी एखादी मावशी असेल. एक दुपार तिच्यासाठी काढाल ना?