बार उडाल्यानंतरचं काम

ठासणीची बंदूक भरायला दोन मिनिटं लागतात, साफ करायला तासभर. म्हणूनच भरणारे पुष्कळ भेटतात आणि साफ करणारे थोडे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मका, भुईमूग करणारे एक दादा या थोड्यांपैकी आहेत. त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेली परवान्याची बंदूक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, तिच्यावर हे परवाने चालतात. मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय रानडुकरावर बंदूक चालवता येत नाही. त्यामुळे दादा छर्रे घालतच नाहीत. आवाजाने कळप उठावा, एवढंच त्यांना हवं असतं.

मका दाण्यात आला की रात्री शेतात मुक्काम असतो. अंधार पडायच्या आत दादा बंदूक तयार करतात. आधी नळीत गज सोडून पाहायचा. नळी रिकामी असताना तोंडाशी गज कुठवर येतो, तिथे त्यांनी खूण कोरून ठेवली आहे. खूण वर राहिली तर आत जुना बार आहे. मग मागच्या पोकळ खुंटीवर नुसती ठिणगी देणारी टोपी ठेवायची, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ न्यायचं आणि चाप ओढायचा. पातं थरथरलं म्हणजे वाट मोकळी आहे.

त्यानंतर मापाने दारू, तिच्यावर कागदाचा बोळा, आणि गजाने बेताने ठासणी. टोपी अगदी शेवटी, नळी आभाळाकडे धरून. चिंधीचा बोळा ते वापरत नाहीत. पेटती चिंधी कडब्यावर पडली तर रानडुकरांपेक्षा मोठं नुकसान होईल. एक बार उडाला की लगेच दुसरा भरायचा नाही, हाही त्यांचा नियम आहे. नळीत एखादी ठिणगी धुमसत असली तर ओतताना दारू हातातच पेटते.

काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. जळल्यावर तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. पांढऱ्या धुराच्या रूपाने काही बाहेर जातो, उरलेला नळीला काळा लेप होऊन बसतो. या लेपातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. भाद्रपदातल्या दमट रात्री उडवलेला बार सकाळपर्यंत नळीत ओली राड करतो आणि तिच्याखाली लोखंड गंजायला लागलेलं असतं.

या लेपाने इतिहासातही आपलं काम केलं आहे. सलग बार काढले की नळी आतून अरुंद होत जाते आणि गोळी अडते. एनफील्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला चरबी लावायची ती गोळी या घाणीतून खाली सरकावी म्हणून. १८५७ मध्ये त्या चरबीवरून काय पेटलं ते आपण शाळेत शिकतो, पण ती मुळात कशासाठी होती हे सहसा कोणी सांगत नाही. खान्देशातही तेव्हा खाजा नाईकांनी सातपुड्यात कंपनी सरकारविरुद्ध बंड उभारलं. ११ एप्रिल १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईत जी दारू जळली ती हीच, काळी.

उजाडायच्या आत दादांच्या चुलीवर पाणी चढतं. खुंटी किल्लीने काढून वाटीत भिजत टाकायची. दस्त्यापासून सोडवलेल्या नळीचं मागचं टोक गरम पाण्याच्या बादलीत, आणि वरून गजाला गुंडाळलेली चिंधी खालीवर. चिंधी वर ओढली की पाणी नळीत चढतं, खाली दाबली की काळंकुट्ट होऊन बाहेर पडतं. सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो लेपातल्या गंधकाचा. पाणी बदलत जायचं. ते स्वच्छ दिसलं तरी थांबायचं नाही. शेवटी एकदा उकळतं पाणी नळीतून जाऊ द्यायचं. नळी इतकी तापते की हाताला फडकं घेऊन धरावी लागते, आणि त्याच उष्णतेने आतला ओलावा उडून जातो. मग कोरड्या चिंध्या, शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. तेल त्यानंतरच.

नेमकं इथेच चुकतं. धूरविरहित दारूच्या काडतुसाची बंदूक वापरणारे तेलाचा हात फिरवून मोकळे होतात, आणि त्यांचं पाहून ठासणीवालेही तसंच करतात. क्षार तेलात विरघळत नाहीत. ते तेलाखाली तसेच राहतात आणि नळी आतून खात बसतात. वरून चकचकीत दिसणारी अशी बंदूक मी आतून पाहिली आहे; देवीचे व्रण असावेत तशी खड्ड्यांनी भरलेली. ती पुन्हा बारासाठी वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. बाजारातल्या कोणत्याही महागड्या तेलापेक्षा चुलीवरचं पाणी या कामाला सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना एक कळकळीची विनंती. निवडणुकीत बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागली, तर नेण्याआधी ती रिकामी आहे ना ते गज सोडून पाहा, गरम पाण्याने धुवा, वाळवा आणि मगच तेल द्या. परत आल्यावर आधी गज, मग पुढचं काम.