घोडं गेलं, वतन राहिलं
गढीवरची माणसं : लेखांक ६

मागच्या लेखात शिलेदार आणि बारगीर पाहिले. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दोघांचीही चाकरी सुटली. आंबेगावच्या पूर्वेला लोणीच्या अंगाचा मुलूख कमी पावसाचा. ज्वारी-बाजरीच्या रानावर घोडं पोसणं कुणाला झेपणार? ते पोसलं जायचं मोहिमेच्या पैशावर. दसऱ्याला बाहेर पडणंच थांबलं, तेव्हा पागेत बैल आले.

जे आधीच उत्तरेत गेले होते त्यांचं बरं झालं. होळकर इंदूरला, पवार धार-देवासला संस्थानिक म्हणून टिकले. गावी वतन राखत बसलेल्या घराण्यांच्या वाट्याला मात्र कागद आले. वाफगावची होळकरांची गढी इथून फार लांब नाही. पुढे तिच्यात शाळा भरली.

परगण्याची वसुली मामलेदाराकडे गेली आणि देशमुख नावापुरते उरले. पाटील टिकला, कारण गावात इंग्रजांनाही माणूस लागत होताच. मग १८५२ चं इनाम कमिशन आलं : सनद दाखवा, नाहीतर जमिनीवर सारा भरा. बासनातली सनद मोडीत. ती वाचून दाखवणार कुलकर्णी. तलवारीच्या घराण्याला कुलकर्ण्याच्या ओसरीवर ताटकळत बसावं लागलं, हे मला सगळ्यात बोचतं.

पुढे काही वर्षांनी जपानी खेड्यांतले गोशी, म्हणजे शेती करणारे सामुराई, अशाच कात्रीत सापडले. १८७६ ला त्यांना तलवार लावून हिंडायची बंदी झाली, वर्षभरात सात्सुमात बंड पेटलं. आपल्याकडे हत्यारांचा कायदा १८७८ चा. पण माझ्या मते इथली घराणी मोडली ती तलवार गेल्यामुळे नव्हे, तक्षिमांमुळे, म्हणजे वतनाच्या वाटण्यांमुळे.

एका पाटलाचे चार मुलगे, त्यांचे बारा. जमीन वाटली, हक्काचं धान्य वाटलं. पण पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा? होळीला पहिली पोळी कुणाची? मानाचे तुकडे पडत नाहीत, म्हणून भाऊबंद कोर्टात उभे राहिले. १८७४ च्या वतन कायद्याने वतनी जमीन परक्याला विकायला आडकाठी घातली. त्यामुळे ती सावकारापासून बरीचशी बचावली. वकिलाची फी मात्र दुसऱ्या रानातून, नाहीतर बायकोच्या अंगावरच्या सोन्यातून निघायची. पाटीलकी पाळीनं करायची तोडही निघाली, तरी पाळी आधी कुणाची यावर भांडण होतंच.

१९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली. १९६७ च्या कायद्यातला पोलीस पाटील नेमलेला असतो. अर्ज करायचा, परीक्षा द्यायची. निवड झालीच तर त्या जागेवर कोणत्याही जातीचा माणूस बसतो, बाईसुद्धा.