उन्हाळी सुट्टीचा जमाखर्च

एप्रिल महिना म्हणजे आपल्या घरांतला सर्वांत धावपळीचा महिना. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, जोडीला मुलांच्या परीक्षा, पाहुण्यारावळ्यांची लग्ने आणि लगेच बुद्धपौर्णिमेची तयारी. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी आटोपून परतणारी आई यांना सुट्टी अशी नसतेच. सुट्टी असते ती मुलांना. मग दाराला बाहेरून कडी, हातात मोबाईल आणि संध्याकाळी आल्यावर दोन धपाटे, अशी ती सुट्टी संपून जाते.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले पोहण्याच्या, चित्रकलेच्या, संगणकाच्या शिबिरांना जातात. आपल्याला ती फी परवडत नाही, म्हणून आपल्या मुलांची सुट्टी फुकट जाणार असे समजून बसू नये. मुलावर विश्वासाने काम सोपवले, त्याला प्रश्न विचारू दिले आणि आपला इतिहास जागेवर नेऊन दाखवला, तर मूल वाढते. छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपल्या औरंगाबाद शहरात राहणाऱ्याला या तिन्ही गोष्टी हाताशी आहेत.

जयंतीची वही मुलांच्या हाती

जयंतीच्या मिरवणुकीत मुले नाचतात, ते त्यांचे वयच आहे. पण जयंतीचे काम त्याहून मोठे असते. आमच्या वस्तीत एका वर्षी वर्गणीची वही आठवी-नववीच्या चार मुलामुलींकडे देण्यात आली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोज रात्री शिल्लक काढायची, पावतीशिवाय खर्च लिहायचा नाही, एवढे नियम आम्ही समजावून सांगितले. तिसऱ्या दिवशी वहीत चाळीस रुपयांचा फरक आला. वही सांभाळणाऱ्या मुलीने मंडपवाल्याची पावती मागितली, तेव्हा एक कार्यकर्ते चिडले, "आता पोरीसोरी आम्हाला हिशेब विचारणार काय?" विहारातल्या वडीलधाऱ्या आजी तिथल्या तिथे म्हणाल्या, "विचारणार. समाजाचा पैसा आहे." पावती सापडली, फरक मिटला आणि जयंतीनंतर पूर्ण हिशेब विहाराच्या फळ्यावर त्या मुलीच्या अक्षरात लागला. व्याजाची आणि टक्केवारीची गणिते शाळेत येतातच, पण मोठ्या माणसाला नम्रपणे हिशेब विचारता येणे हे असे कामातूनच येते. पुढे हीच मुले रेशन दुकानात, पगाराच्या चिठ्ठीवर आणि पतपेढीच्या पासबुकावर नजर ठेवतील.

नऊ वर्षांच्या मुलाची सुट्टी

बाबासाहेबांच्या बालपणीची एक उन्हाळी सुट्टी प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे. साल १९०१. वडील सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यात कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणींची मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून मोठ्या आनंदाने आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, पण पत्र वडिलांपर्यंत न पोहोचल्यामुळे न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने चालावे असे ठरले. डब्यात जेवण होते, पण रात्रभर पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. ते लिखाण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. आपले नऊ वर्षांचे मूल समोर बसवून ही हकीकत सांगावी. सांगून झाल्यावर लगेच उपदेश करू नये. त्याला काय विचारायचे आहे ते विचारू द्यावे.

दौलताबादचा हौद

याच लिखाणातला दुसरा प्रवास आपल्या दाराशी घडलेला आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. त्या वेळी हा भाग निजामाच्या राज्यात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी उतरली. दरवाज्याजवळ पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. लगेच आरडाओरड झाली, हौद बाटवला म्हणून गावातले मुसलमान जमले, शिवीगाळ सुरू झाली. तेव्हा बाबासाहेबांनी उलट प्रश्न टाकला, की उद्या याच अस्पृश्याने तुमचा धर्म स्वीकारला तर त्याला तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही काय? त्या प्रश्नावर जमाव गप्प झाला. किल्ला पाहायला मिळाला, पण आत कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई देण्यात आला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्या वेळी सात वर्षे झाली होती.

हे सांगताना मुलांच्या मनात कोणत्याही धर्माच्या माणसाविषयी द्वेष पेरू नये. अस्पृश्यता एका धर्माच्या कुंपणात राहिली नव्हती, हे बाबासाहेबांना दाखवायचे होते. संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट सर्वांना खुले आहेत असे का लिहावे लागले, हे मुलाला किल्ल्याच्या दरवाज्यात उभे करून सांगितले तर ते जन्मभर विसरणार नाही.

हा प्रवास महागही नाही. दौलताबाद वेरूळच्याच रस्त्यावर लागते. एस.टी.त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट आहे आणि २०२३ सालापासून महिलांनाही निम्मे भाडे आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. फक्त वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात हे ध्यानात ठेवावे. भाकरी, चटणी, कांदा आणि भरपूर पाणी बरोबर घेऊन पहाटेच निघावे. उन्हं चढायच्या आत किल्ला बघून घ्यावा.

डोंगरातली शाळा

ज्यांना तेवढाही दिवस निघत नाही, त्यांनी विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांवर एखाद्या सुट्टीच्या सकाळी जावे. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह त्यातले सर्वांत जुने. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेले स्त्री-पुरुष उपासक जवळजवळ माणसाएवढे कोरले आहेत. त्यांचे दागिने, केशरचना मुलांना न्याहाळू द्या, वहीत चित्र काढू द्या. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे आहेत. आग, तलवारीचा वार, बेड्या, बुडती नाव, सिंह, साप, हत्ती अशी ती मुलांनी स्वतः शोधून मोजावीत. घरी येताना त्यांना विचारावे, "तुला कशाची भीती वाटते?" परीक्षेची, बापाच्या दारूची, काळोखाची, जी असेल ती भीती मुले वाटेत बोलून जातात. घरात इतके मोकळे बोलणे होत नाही.

परतीच्या वाटेवर नागसेनवन दाखवावे. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या मागासलेल्या मराठवाड्यात महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे बाबासाहेबांनी दिली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. नागसेनाने राजाला विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? तोच खेळ घरच्या सायकलवर खेळता येतो. चाक म्हणजे सायकल काय? साखळी म्हणजे सायकल काय? मग सायकल आहे तरी कुठे? मुले हसत-खेळत विचार करू लागतात.

मुलीची सुट्टी कुठे आहे?

आता एक कटू गोष्ट. आमच्या पाहण्यात सुट्टी बहुधा मुलांनाच मिळते. बारा वर्षांची मुलगी मात्र पाण्याच्या टँकरवर हंडे लावते, धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, आईबरोबर कुरडया-पापड करते. आई कामावर जाते, तेव्हा घराचा भार कोणीतरी उचलणारच, हे आम्हाला मान्य आहे. पण तो भाऊ का उचलत नाही? हंडा उचलल्याने मुलगा लहान होत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने शाळकरी वयात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला वही मिळाली, वेळ मिळाला, म्हणून ती लिहू शकली. आपल्या मुलीला दिवसाचे दोन तास तिचे स्वतःचे मिळतात काय, एवढे प्रत्येक घराने तपासावे. कामाची वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावावी. त्यात बापाचेही नाव असावे.

विहारांनीही सुट्टीत कुलूप लावून बसू नये. बालसंस्कार वर्ग, श्रामणेर शिबिर जिथे होत असेल तिथे मुले पाठवावीत. जिथे होत नाही तिथे वस्तीतल्या दोन शिकलेल्या तरुणांनी रोज सकाळी दोन तास द्यावेत. वंदना, नंतर वाचन, नंतर खेळ, एवढे पुरे. आईबाप कामावर असताना मुलांना विश्वासाची जागा मिळेल.

जूनच्या मध्यात शाळा उघडतील. त्याआधी प्रत्येक घराने सुट्टीचा जमाखर्च मांडावा. जमेच्या बाजूला मुलाने पार पाडलेले एक काम, पाहिलेली एक जागा आणि विचारलेला एक असा प्रश्न असावा, की ज्याचे उत्तर आपल्यालाही शोधावे लागले. एवढी शिल्लक निघाली, तर सुट्टी वाया गेली नाही असे खुशाल समजावे.